सतरा नंबरची पिन

रविवार, बावीस मार्च. सकाळी साडेसात. हजर: अण्णा, नंजप्पा, शुभा, मी. गैरहजर: कोणी नाही. काम: गौडरांचा ट्रॅक्टर, गिअरबॉक्स बंद करणे. बाहेर काढलेले भाग एकूण एकेचाळीस.

वहीचं हे पान आत्ता माझ्यासमोर आहे. अक्षर माझंच, अठराव्या वर्षाचं, आजच्यापेक्षा सरळ. खाली एकेचाळीस ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. आयुष्यात मी जेवढ्या याद्या केल्या, त्यातली ही एकच यादी खोटी आहे, म्हणून ती जपून ठेवली आहे. बाकीच्या काम झालं की फाडून टाकते.

अण्णा म्हणजे माझे वडील. यशवंतपूरला रेल्वेच्या कुंपणामागे त्यांची ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड होती आणि शेडच्या डोक्यावर आमचं घर. आमच्या मूळ पुरुषाने किती पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात येऊन घर केलं ते कुणालाच सांगता येत नसे. मराठी घरात बोलायची, कन्नड जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून सुरू व्हायची, आणि पायरीवर दोन्हींची सरमिसळ. खाली शंटिंगचे डबे एकमेकांवर आपटायचे, त्या आवाजाने आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे पेले किणकिणायचे, आणि आई हातातली पळी न थांबवता म्हणायची, “आला गं, दहाचा आला.” घरातल्या घड्याळापेक्षा तिचा त्या पेल्यांवर जास्त भरवसा होता. रविवारी शेडला सुट्टी नसे, कारण अवघड कामं अण्णा मुद्दाम रविवारसाठी ठेवायचे. त्या दिवशी आई दोन डब्यांत लिंबू पिळलेला फोडणीचा भात, म्हणजे चित्रान्न, एकात दहीभात आणि वर सांडगी मिरच्या अशी शिदोरी खाली पाठवायची. तेलकट हातांनी जेवायचं नाही असा नियम होता, तरी त्या भाताला रॉकेलचा वास असायचाच. आज कुठल्याही चित्रान्नाला मला काहीतरी कमी वाटतं, ते बहुधा रॉकेलच.

गिअरबॉक्स उघडायची अण्णांची एक पद्धत होती. ट्रॅक्टर मधोमध सोडवायचा, पुढचा आणि मागचा अर्धा भाग रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर टेकवायचा, आणि मग पेटीतला एकेक भाग बाहेर. जो काढेल त्याने नाव मोठ्याने पुकारायचं. जो वही धरेल त्याने नंबर लिहायचा, भाग रॉकेलमध्ये धुऊन आईच्या जुन्या सुती लुगड्यावर ठेवायचा आणि त्याभोवती खडूने रेघ ओढून आत तोच नंबर घालायचा. बसवताना उलट क्रम. बसवणारा नाव पुकारणार, वहीवाला तो भाग स्वतःच्या हाताने उचलून त्याच्या हातात देणार, आणि भाग हातातून गेल्यावरच खूण करणार. आधी नाही. पुकारणारा एखादं नाव विसरला, तर वहीवाल्याने “थांबा” म्हणायचं. अण्णा म्हणायचे, “दोघांनी एकाच वेळी विसरायला परवानगी नाही.” दहाव्या वर्षापासून वही माझ्याकडे होती.

दुसरी पद्धत शेवटची. ट्रॅक्टर जोडून झाला की चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवायचं, बॉनेटला हळदीकुंकू लावायचं, आणि ज्याने पेटी बंद केली असेल त्याने सीटवर बसून लिंबं चिरडत ट्रॅक्टर शेडबाहेर काढायचा. ते बहुतेक वेळा अण्णा असत, कधी त्यांचा जुना फिटर नंजप्पा. त्या सीटवर मला एकदा बसायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. लिंबू चिरडल्यावर येणारा वास मी आठ वर्षं बाजूला उभी राहून घेतला होता, वही छातीशी धरून.

आदल्या जूनमध्ये शुभा आली. आत्याची मुलगी, निपाणीची, माझ्याहून एका वर्षाने लहान. पॉलिटेक्निकला मेकॅनिकलमध्ये तिला जागा मिळाली होती. मी तेव्हा दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला होते, आणि कॉमर्स घेतलं होतं, कारण अण्णाच म्हणाले होते, “रेखाचं डोकं टापटिपीचं आहे, तिला कॉमर्स शोभेल.” मला ते तेव्हा कौतुक वाटलं होतं. शुभा एक ट्रंक आणि तंबाखूच्या पानांच्या वासाची गादी घेऊन आली. पहिल्याच दिवशी माझ्या खोलीतली खिडकीची बाजू तिला मिळाली, कारण तिला गाड्यांच्या आवाजाची सवय नव्हती आणि वाऱ्याने झोप लागेल असं आईला वाटलं. तिला कसल्याही आवाजात झोप लागायची. मी मात्र भिंतीकडे तोंड करून तिचा श्वास मोजत पडायचे.

तिच्यात रागवावं असं काही नव्हतं, हीच अडचण होती. ती भांडी घासायची, आईच्या पायाला तेल लावायची, माझ्या वेणीचं तोंडभरून कौतुक करायची. तव्यावरची कडेची कुरकुरीत आंबोळी पूर्वी माझ्या पानात पडायची, ती आता दोघींत मोडून वाटली जाई, आणि मोठा तुकडा शुभाच मला सरकवायची. “घे की गं, मला मऊच आवडती.” खोटं होतं ते. मी तो तुकडा खायचे आणि प्रत्येक घासाला तिच्यावर चिडायचे.

आणि तिला कान होता. लांब पेचकशाचं टोक चालू इंजिनला टेकवून लाकडी मूठ कानाशी धरायची, म्हणजे आतल्या बेअरिंगचा आवाज येतो. मला त्यात नुसतीच घरघर ऐकू यायची. अण्णांनी सहज म्हणून तिच्या हातात पेचकस दिला, तर ती डोळे मिटून म्हणाली, “मामा, एक खडा चावल्यासारखं येतंय. सारखं नाही. थांबून थांबून.” अण्णांनी पेटी खोलली, बेअरिंगची एक गोळी फुटलेली होती. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. तेलाचे पाच डाग तिच्या पोलक्यावर उमटले, ते तिने धुवूनही पुरते गेले नाहीत, आणि मी दोरीवर वाळत घातलेल्या त्या पोलक्याकडे रोज पाहायचे.

पण खरं लागलं ते एका शब्दाने. कानडीत लहान मुलीला लाडाने पुट्टी म्हणतात. अण्णा मला पुट्टी म्हणायचे. मोठी झाले तसं कमी झालं होतं, पण ताप आला किंवा निकाल चांगला लागला की तो शब्द यायचा. गौडरांचा ट्रॅक्टर शेडमध्ये आला त्या दिवशी मी जिन्यावरून ताक घेऊन उतरत होते, आणि खालून अण्णांची हाक आली, “पुट्टी, इकडे ये. स्वल्प ऐकून सांग.” मी पायऱ्या दोन दोन करत उतरले. शुभा आधीच तिथे पोचली होती. हाक तिलाच होती. मी ताकाचे पेले खाली ठेवले आणि वर निघून आले.

गौडर म्हणजे नेलमंगलच्या बाजूचे शेतकरी. ट्रॅक्टर जुना, रंग उडालेला, सीटवर गोणपाट बांधलेलं. नांगर जमिनीत गेला की दुसरा गिअर आपोआप सुटायचा. उगादीला, म्हणजे पाडव्याला, पहिली नांगरट करायची त्यांच्या घरची रीत होती, आणि उगादी महिन्यावर आली होती. “अण्णा, सणाला बैल मागायला लावू नका,” ते म्हणाले, “गाव हसेल.” दोन रविवार खपून आम्ही ट्रॅक्टर सोडवला. दुसऱ्या गिअरचे दात झिजून गोल झाले होते आणि त्याला ढकलणारा काटा वाकलेला होता. नंजप्पाने तीन दिवस दुकानं पालथी घालून नवा गिअर मिळवला.

सतरा नंबरला पिन होती. करंगळीच्या पेराएवढी, दोन्ही टोकं गोल. पेटीच्या झाकणात गिअर बदलणारे दोन दांडे असतात आणि त्यांच्या मधल्या भोकात ही पिन. एक दांडा सरकला की ती दुसऱ्याला अडवून धरते, म्हणजे दोन गिअर एकदम पडत नाहीत. नंजप्पा ती रॉकेलमधून काढून मला देताना म्हणाला होता, “ही सासू, अम्मा. एक सून बोलायला लागली की दुसरीचं तोंड बंद.” शुभा खूप हसली. मी लिहिलं: १७, पिन, एक नग.

बावीस मार्चला सकाळी अण्णा म्हणाले, “आज पेटी शुभा बंद करेल.” हात पुसत, सहज. जणू दिवा लाव म्हणावं तसं.

“आणि मी?” मी विचारलं.

“तू वही धर. वही तुझ्याइतकी कोण धरेल?”

नंजप्पाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाना शोधायला वळला. शुभा म्हणाली, “मामा, रेखाताईला बंद करू दे की. मी वही धरते.” अण्णांनी मान हलवली. “तुझं अक्षर कोंबडीच्या पायाचं. सरी, चला, लागा कामाला.” सगळे हसले, शुभा सगळ्यात जास्त. तिने जागा सोडायची तयारी दाखवली म्हणून मला तिचा राग आला, आणि ती मिळाली नाही म्हणून दुप्पट आला. पन्नाशी उलटल्यावर आज मला कळतं, की अण्णांनी मला हाताखालचं काम दिलं नव्हतं. त्यांचा सगळा भरवसा त्या वहीवर होता. पण कळायला हवं तेव्हा त्या वाक्यातला मला फक्त ‘तू’ आणि ‘वही’ एवढंच ऐकू आलं.

सकाळभर काम चांगलं चाललं. शुभा पुकारायची, मी द्यायचे, खूण करायचे. एकेचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. तिचा आवाज शेडच्या पत्र्यावर घुमायचा. दोन्ही अर्धे भाग चेनपुलीने जवळ आणून जोडले, तेव्हा अण्णांनी तिचा हात धरून शाफ्ट कसा फिरवत आत जातो ते दाखवलं. ‘लागला?’ ‘लागला, मामा.’ ते दोघं त्या लोखंडात वाकून कुजबुजत होते आणि मी लुगड्यावर उभी होते, रिकाम्या होत चाललेल्या खडूच्या चौकटींमध्ये. जेवण झालं. शुभाने माझ्या भातावर तिची सांडगी मिरची टाकली. दुपारी झाकण भरायला घेतलं. अण्णा आणि नंजप्पा चाकांच्या बाजूला होते. शुभाने वीस पुकारला, एकोणीस पुकारला, अठरा पुकारला. एक दांडा आत गेला. मग तिने कपाळावरचा घाम दंडाला पुसला आणि म्हणाली, “सोळा. दुसरा दांडा.”

मी ‘थांब’ म्हणायला तोंड उघडलं होतं. हे खरं आहे. तोंड उघडलं होतं, आणि त्याच वेळी अण्णा पलीकडून ओरडले, “कितीवर आली गं, पुट्टी?”

“सोळा, मामा!”

मी सोळा नंबर उचलून तिच्या हातात दिला. मग खाली बसले, सतरा नंबरची पिन उचलली, माझ्या कंपासपेटीत खडू आणि पेन्सिलीशेजारी ठेवली, आणि वहीत सतरापुढे खूण केली. तिच्या हातून चूक झाली, ती उघडी पडू दे, एवढंच मनात होतं. झाकण बसवून गिअर टाकून बघतील, काहीतरी अडेल, आणि अण्णांना कळेल की कान असला म्हणजे सगळं आलं असं नाही. पण गिअर टाकून पाहिले तेव्हा काहीच अडलं नाही. हळूहळू, नीट टाकले तर पिनेवाचूनही गिअर पडतात.

चारला गौडर आले. नंजप्पाने कुंकू लावलं. लिंबं ठेवायला जागा हवी म्हणून अण्णांनी शुभाला ट्रॅक्टर हातभर मागे घ्यायला सांगितलं. ती सीटवर चढली, ओढणी कमरेला बांधली. रिव्हर्स टाकून ट्रॅक्टर मागे आला. मोठ्या चाकांपुढे दोन, लहान चाकांपुढे दोन, पिवळीधमक लिंबं. आई वरच्या कठड्यावरून बघत होती. शुभाने माझ्याकडे बघून हसून दात दाखवले, आणि मला वाटलं आत्ता ओरडावं. पण ओरडून काय सांगणार होते? तिने घाईत दुसरा गिअर टाकला. रिव्हर्स पुरता सुटलाच नव्हता. क्लच सोडल्याबरोबर पेटीत घण बसावा तसा आवाज झाला, ट्रॅक्टरने जागच्या जागी गचका खाल्ला, शुभा स्टिअरिंगवर आदळली आणि इंजिन बंद पडलं. लिंबं जिथल्या तिथे.

“उतर,” अण्णा म्हणाले. मोठ्याने नाही.

शुभाची हनुवटी फुटली होती. ती रक्त पुसायचं सोडून म्हणत होती, “मामा, मी काय केलं? मी हळूच सोडला, शपथ.” गौडरांनी लिंबांकडे पाहिलं. “अण्णा, तुम्ही शहाणे माणूस,” ते म्हणाले, “पण पोरीबाळींना असल्या सीटवर बसवू नये. माझा सण आहे हो.”

हे मात्र मी धरलं नव्हतं. मला शुभाला खाली उतरवायचं होतं, पोरींना नव्हतं. अण्णा गौडरांना एक शब्द उलटून बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी पाना उचलला.

झाकण उघडलं. दोन्ही दांडे सरकलेले, मधलं भोक रिकामं. नव्या गिअरच्या एका दाताचा कोपरा उडाला होता. अण्णांनी हात पुसले, माझ्याकडे आले, वही घेतली, आणि ओळींवरून बोट खाली आणलं.

“सतरा?”

“दिली होती,” मी म्हणाले.

शुभा हनुवटीला फडकं धरून पुढे आली. “मामा, तिला नका विचारू. मी पुकारलीच नसणार. किंवा हातातून पडली असेल. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.”

मग शोध सुरू झाला. नंजप्पाने रॉकेलची परात गाळली. शुभा लाकडाचा भुसा चिमटीचिमटीने चाळत होती. अण्णांनी दोरीला लोहचुंबक बांधला आणि गुडघ्यांवर बसून तो जमिनीवरून ओढत निघाले. खिळे चिकटले, लोखंडाचा कीस चिकटला. ओढत ओढत ते माझ्या पायांपाशी आले. माझी पत्र्याची कंपासपेटी तिथेच ठेवली होती. चुंबक तिच्या झाकणाला ‘टक्’ करून चिकटला. अण्णांनी पेटीकडे पाहिलं. मी त्यांच्या टाळूकडे पाहत होते. केस तिथे पातळ झाले होते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्यांनी चुंबक ओढून सोडवला आणि पुढे गेले.

“सापडायची नाही,” थोड्या वेळाने ते उठत म्हणाले. “नंजप्पा, लेथ चालू कर.”

अर्ध्या तासात त्यांनी नवी पिन कातली. दाताचा तुटलेला कोपरा दगडावर घासून गुळगुळीत केला. या वेळी बसवायलाही तेच, पुकारायलाही तेच, आणि वहीही त्यांच्याच गुडघ्यावर. ट्रॅक्टर त्यांनी स्वतः बाहेर काढला. चारही लिंबं चिरडली. तो वास आला, आणि मला पहिल्यांदा तो नको झाला. गौडरांचा सण पार पडला. पण त्यानंतर अण्णांनी आम्हा दोघींपैकी कुणालाही सीटवर बसायला सांगितलं नाही, आणि त्यांच्या तोंडून पुट्टी हा शब्द पुन्हा माझ्या कानावर आला नाही. तिच्यासाठीही नाही. मी जे मागत होते ते एका अर्थी मला मिळालं.

वहीच्या या पानावर, माझ्या खुणेच्या पुढे, अण्णांच्या अक्षरात दोनच शब्द आहेत: ‘सतरा, नवी.’ माझी खूण त्यांनी खोडलेली नाही. ते दहा वर्षांपूर्वी गेले. त्याआधी कितीतरी संध्याकाळी आम्ही दोघं कठड्यापाशी चहा घेत बसलो. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शुभा डिप्लोमा करून हुबळीला गेली आणि ट्रॅक्टर दुरुस्ती शिकवायला लागली. हनुवटीवर बारीक पांढरी रेघ आहे. दर वर्षी नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला ती त्या रेघेवर बोट ठेवून मुलांना सांगते, “बघा रे, मी एकदा पिन विसरले होते. भाग पुकारल्याशिवाय बसवायचा नाही.” हे तिनेच मला मोठ्या आनंदाने सांगितलं. मुलं म्हणे तो तास कधी विसरत नाहीत. ऐकताना मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण आधी, क्षणभर, तीच जुनी कळ उठली: चुकीचंही हिने सोनं केलं.

पिन माझ्याकडे आहे. शेड विकली, व्हाइटफील्डला या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा सामानाच्या यादीत ती ‘कंपासपेटी, एक’ अशी गेली. जुनी वही संपून नवी सुरू केली की राहिलेली कामं पहिल्या पानावर उतरवायची माझी सवय आहे, आणि हे काम मी किती वह्यांतून उतरवत आणलं ते मोजायचं टाळते.

शुभा गुरुवारी येते आहे, चार दिवस राहायला. फ्रिजवर यादी लावली आहे. गाद्यांना ऊन देणे, झालं. खिडकीकडची खोली तिच्यासाठी आवरणे, झालं. आंबोळीचं पीठ, बुधवारी. स्टेशनवर गाडी पाठवणे, सांगून ठेवलं. सांडगी मिरच्या, आणल्या. शुभाला सतरा नंबर देणे.